वन्सं, दांडी कुठं लावू?

वन्सं,

सलीम मिस्त्री अकरापर्यंत येतो म्हणालाय, म्हणजे बारा धरायचे. तोवर मला एकच गोष्ट ठरवायची आहे आणि ती ठरत नाही. बाथरूममधली टॉवेलची दांडी जमिनीपासून किती उंच लावायची?

बाकीची कामं उरकली. तेरावा झाला, पाहुणे गेले. पेन्शनच्या ऑफिसात कळवलं, तुमची न फोडलेली औषधं परत केली, गॅसच्या कार्डावरचं नाव बदलायला दिलं. फ्रीजवरच्या यादीतल्या ओळी मी एकामागून एक खोडत आणल्या. शेवटी एक उरली, 'दांडी'. ती तुम्ही होतात तेव्हापासून तिथं आहे. तुम्ही माझ्या याद्यांना हसायचात. "माझं मरणसुद्धा लिहून ठेव त्यात, सिलिंडरच्या खाली." मी म्हणायचे, "लिहिलं असतं, पण तुम्ही कधी कशाला वेळेवर आलाय?" आणि गेलात बघा, कुणाला न सांगता, सगळ्यांच्या आधी.

भेटायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारत होता, "पडल्या का हो?" नाही पडल्या. मी सगळी तयारी पडण्याची केली होती. न घसरणाऱ्या फरश्या बसवल्या, कमोडशेजारी धरून उठायला जाडजूड कांब लावली, अंघोळीला रबरी पायांचं स्टूल आणलं. आणि तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीत, सकाळचा चहा संपवून, कप बशीत नीट ठेवून, बसल्या बसल्या गेलात. माझी एकही तयारी कामाला आली नाही. दांडीचा खोका अजून कपाटाखाली आहे. मी सकाळपासून चार वेळा तो बाहेर काढून परत आत सरकवलाय.

नवीन टाइल्स आहेत, वन्सं. भोक एकदाच पडणार. चुकलं तर ते रोज अंघोळ करताना समोर दिसणार.

*

नणंद-भावजय म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडावर एक ठरावीक हसू येतं. त्यांना सांगून काही उपयोग नसतो, म्हणून मी कधी सांगत बसले नाही. लग्न होऊन मी उस्मानपुऱ्यातल्या या घरात आले तेव्हा माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण, बिनलग्नाची, हर्सूलच्या शाळेत गणित शिकवणारी, दारातून आत येताना तोरणाखाली मान झुकवत होती. एवढी उंच बाई मी तोवर पाहिली नव्हती. माझी स्वतःची उंची पाच फूट, तीसुद्धा अंबाडा घातला तर.

तुम्हाला बघायला आलेले लोक चहा-पोहे झाल्यावर म्हणायचे, मुलगी चांगली आहे, पण जरा उंच आहे. हे तुम्हीच मला सांगितलंत, पापड लाटताना, हसत हसत. "एक जण तर म्हणाला, तुम्ही बसूनच राहा, मुलाला शेजारी उभा करून फोटो काढू." मी हसले नाही, तर तुम्हीच मला कोपरानं ढोसलंत. "हस ना. मी त्या मुलाला म्हटलं, तूच चढ ना पाटावर."

पहिल्याच आठवड्यात तुम्ही घराची वाटणी केलीत. "हे बघ सुमा, खांद्याच्या वरचं सगळं माझं, खालचं सगळं तुझं." कुणाच्या खांद्याच्या, ते बोलला नाहीत. तुमचा खांदा म्हणजे माझं कपाळ. त्यानंतर माळा तुमचा, पंखे तुमचे, पडद्यांच्या दांड्या, घड्याळाचे सेल, वरच्या फळीवरचे डबे, सगळं तुमचं. मला वाटायचं, बरं झालं, तेवढंच काम कमी.

आता कळतंय. तुम्ही गेल्यापासून या घरात जे जे लागलं ते सगळं वर होतं. पाहुण्यांना जास्तीच्या गाद्या माळ्यावर. मोठं पातेलं वर. चहाचे जास्तीचे कप वर. मी स्टूल घेऊन घरभर फिरत होते आणि श्रीकांत म्हणत होता, "अगं, मला सांग ना, मी काढतो." तुमचा भाऊ उंच आहे, पण त्याला कुठं काय ठेवलंय ते माहीत नाही. त्यानं जायफळाची डबी म्हणून तुमची बटणांची डबी काढून दिली. पाहुणे गेले, पण गाद्या अजून खालीच आहेत. त्या वर कशा रचायच्या, पहिली कुठली, शेवटची कुठली, हे तुमच्याशिवाय कुणाला येत नाही.

*

बाथरूमची दांडीही तुमच्याच वाटणीत गेली. तिला जागा एकच होती. आपल्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळं निळा ड्रम बाथरूममध्ये कायमचा ठाण मांडून बसलेला. एका भिंतीला ड्रम, दुसरीला नळ आणि गीझर, तिसरीला दार. उरली एक भिंत, त्यावर एक दांडी, आणि ती तुमच्या डोक्याच्या वर. मी टाचा उचलून, टॉवेल फेकून, तो अर्धा पलीकडं पडला की उडी मारून दुसरं टोक ओढायचे. एकदा दांडीच हातात येता येता राहिली. मग मी माझा टॉवेल दाराच्या कडीला अडकवायला लागले.

त्यावरून आपण किती वर्षं भांडलो, वन्सं.

"सुमा! तो टॉवेल कडीवरून काढ. कडी काय टॉवेलासाठी असती व्हय?"

"मग दांडी खाली घ्या."

"खाली घेतली की बादलीचं पाणी उडतं त्याच्यावर. अंग पुसायचं कापड कोरडं पाहिजे."

"पाणी उडवू नका मग."

"मी नाय उडवत. तुझा नवरा उडवतो."

"तो आधी तुमचा भाऊ आहे."

इथं श्रीकांत पेपर घेऊन गॅलरीत निघून जायचा.

पाणी उडतं हे कारण खरं नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. खरं कारण तुमच्या गावचं, देवगाव रंगारीचं. तुमच्या लहानपणी तुमचे वडील तिथं भिक्षुकी करायचे. घरात सोवळं कडक. स्वयंपाकाला नेसायचं लुगडं धुऊन छताजवळ टांगलेल्या वेळूच्या दांडीवर वाळत घालायचं, कुणाचा हात, कुणाचा पदर लागणार नाही इतकं उंच. हातानं घालायचं नाही, काठीनं. ओलं लुगडं काठीच्या टोकावर घेऊन वर न्यायचं, दांडीवरून अलीकडचं टोक सोडायचं आणि मग काठीनंच सारत सारत सुरकुती न ठेवता पसरायचं. भावंडांत तुम्ही उंच, म्हणून ते काम तुमच्याकडं. आठ-नऊ वर्षांच्या असताना तुम्हाला ते आईपेक्षा चांगलं जमायचं, असं तुम्ही सांगायचात, आणि हे सांगताना तुमचा आवाज गणितात पैकीच्या पैकी मिळाल्यासारखा व्हायचा.

सोवळं तुम्ही केव्हाच सोडून दिलं होतं. शाळेत सगळ्यांच्या डब्यातलं खायचात, सलीमला घरातल्याच कपात चहा द्यायचात, त्याच्या घरच्या शिरखुर्म्याला दोनदा वाटी पुढं करायचात. त्यातलं सगळं गेलं, फक्त तेवढी उंची राहिली. धुतलेलं कापड वरच असायला हवं. त्याला कारण नव्हतं, म्हणून तुम्ही बादलीच्या पाण्याचं कारण शोधलं होतंत.

*

माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हाचं सांगते. डॉक्टरांनी हात वर ताणायचा नाही म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, आता तरी दांडी खाली येईल. आली नाही. कडीलाही तुम्ही टॉवेल लावू द्यायचा नाहीत; रोज माझ्या अंघोळीच्या वेळी दाराबाहेर उभ्या राहायचात. माझी अंघोळ झाली की दार किलकिलं व्हायचं आणि तुमचा तो लांब हात टॉवेल घेऊन आत यायचा. नुसता हात. त्यावर घड्याळ. शाळेला उशीर होत असायचा. मी घ्यायला वेळ लावला की हात हलायचा. "घे की गं, हात काय भाड्यानं आणलाय माझा?"

दांडी उतरवायला अर्धा तास लागला असता. तुम्ही त्याऐवजी रोज उभ्या राहिलात, टाके सुकेपर्यंत आणि नंतरही. आभार मानण्याची आपल्यात पद्धत नव्हती. मी तुम्हाला म्हटलं होतं, "हट्टीपणाची हद्द आहे." तुम्ही ते कौतुक समजलात. तसं ते थोडं होतंच.

मग तुमची पाळी आली. आधी उजवा खांदा धरला, मग पाठ वाकायला लागली. तोरणाखाली मान झुकवायची गरज उरली नाही. हे मी पाहिलं, तुम्हीही पाहिलंत. मी यादीत लिहिलं, 'दांडी खाली घेणे'. तुम्ही वाचलंत आणि त्याच पेनानं पुढं लिहिलंत, 'नको'.

"वन्सं, तुमचा हात खांद्याच्या वर जात नाही."

"जातो."

"दाखवा."

"तुला कशाला दाखवू? तू काय बोर्डाची परीक्षक आहेस?"

मी म्हटलं, मी बाहेर उभी राहते, मी टॉवेल देते. तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत की मी उठून कुकर लावायला गेले. तेव्हापासून तुम्ही काठी घेऊन बाथरूममध्ये जायला लागलात. मला बरं वाटलं. निदान आधाराला काठी घेतात, म्हणून मी श्रीकांतला सांगितलंही.

आत कडी लावायची नाही, एवढं मात्र तुम्ही कबूल केलं होतं. गेल्या हिवाळ्यात एकदा मी गरम पाण्याचं विचारायला आले. दार नीट लोटलेलं नव्हतं. तुम्ही आवरून, गाऊन घालून स्टुलावर बसला होतात, पाठमोऱ्या. ओला टॉवेल काठीच्या टोकावर घेतलेला. तुम्ही तो बसल्या जागेवरून वर नेलात, डाव्या हातानं, दांडीवरून अलीकडचं टोक बरोबर सोडलंत आणि काठीनं सारत सारत पसरलात. दोन्ही काठ सारखे. मधे एक सुरकुती राहिली होती. ती तुम्ही काठीच्या टोकानं हलकेच सारखी केलीत, आणि मान मागं टाकून बघत राहिलात. गाणं गुणगुणत नव्हतात, काही नाही. पण तुमच्या पाठीवरून मला कळलं की तुम्ही खूश आहात.

मी पाय न वाजवता मागं सरले. श्रीकांतला सांगितलं नाही. तुम्हालाही कधी बोलले नाही. संध्याकाळी भाजी निवडताना तुम्ही एकदम म्हणालात, "दार लोटून घेत जा गं. वारा येतो." मी "बरं" म्हटलं. तेवढंच.

*

बाथरूम नव्यानं करायचं काढलं ते त्यानंतर. त्याला तुम्ही हरकत घेतली नाहीत. फरश्या, कमोड, धरायची कांब, सगळ्याला हो. जुनी दांडी निघाली, तेव्हाही दाराशी उभ्या राहून बघत होतात. नवीन कुठं लावायची म्हटल्यावर मात्र तुम्ही हॉलमधली खुर्ची ओढून बाथरूमच्या दारातच ठाण मांडलंत.

सलीम म्हणाला, "भाभी, झगडा कायको? दोन लावतो ना. एक बाईंची वर, एक तुमची खाली."

"दोन दांड्या म्हणजे दोन चुली," तुम्ही म्हणालात. "एका घरात एकच राहील."

"मग ती चार फुटांवर," मी म्हणाले. "सगळीकडं तेवढ्याच असतात. टॉवेल दुमडून टाकला की बादलीच्या वर राहतो. हात न ताणता मिळतो."

"सगळीकडं म्हंजे कुठं?"

"सगळीकडं."

"तुझ्या यादीत," तुम्ही सलीमकडं बघून म्हणालात आणि तो मेला हसला.

मी टेप आणली. म्हटलं, जिथवर हात सहज जाईल तिथवर न्या, तिथं खूण करते. तुम्ही उठलात. भिंतीपाशी गेलात. हात थोडा उचललात, आणि खाली घेतलात. "उद्या सांगते," म्हणालात. "टॉवेलाला काय मुहूर्त लागतो?"

नंतर मी रोज विचारायचे आणि तुम्ही रोज उद्यावर ढकलायचात. तुमच्या त्या शेवटच्या संध्याकाळीही विचारलं होतं. उत्तर तेच.

बेल वाजली. सलीम असावा. बाराच वाजलेत.

*

पुढचं दुसऱ्या दिवशी लिहिते आहे. काल बसताच आलं नाही.

सलीमनं आल्या आल्या हात जोडले, तुमच्या खुर्चीकडं बघून. ती मी अजून बाथरूमच्या दारापासून हलवलेली नाही. मग ड्रिलला बिट लावत म्हणाला, "बोला भाभी, किती पे?"

मी म्हटलं, चार फूट. त्यानं टेप लावली. मी म्हटलं, थांब, साडेचार. त्यानं टेप वर नेली. मी म्हटलं, जुनी होती तिथं धर बरं जरा.

"जुनी? वो तो लई ऊपर थी."

"धर तर."

श्रीकांत हॉलमधून म्हणाला, "अगं, आता तुझ्या सोयीनं लाव. आता कोण आहे नाही म्हणायला?" तो चांगल्या मनानं म्हणाला. पण मला तेच तर सहन होत नव्हतं. इतकी वर्षं भांडून जे मिळालं नाही, ते आता समोर होतं आणि घ्यायला हात जात नव्हता. असं जिंकायचं नव्हतं मला.

सलीमनं दोन्ही हातांनी दांडी वर धरली. मी तुमची काठी आणली. टॉवेल भिजवून पिळला, काठीच्या टोकावर घेतला आणि तुम्ही करायचात तसा वर नेला. पहिल्यांदा तो ड्रमच्या झाकणावर पडला. दुसऱ्यांदा सलीमच्या डोक्यावर.

"भाभी! ये क्या खेल लावलाय?"

"हलू नकोस. परत धर."

तिसऱ्यांदा टॉवेल दांडीवर गेला, पण सगळा एका बाजूला, पोत्यासारखा. मी काठीनं सारायला गेले तर आख्खाच खाली आला, माझ्या अंगावर. मी त्या ओल्या टॉवेलात तोंड घालून तिथंच स्टुलावर बसले. सलीम दांडी वर धरून उभाच. त्याला वाटलं असेल मी हसतेय. सुरुवातीला हसतच होते.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "बाई होत्या तवा पण तुमचं ठरत नव्हतं. आता बाई नाय, तरी ठरंना. मेरे हाथ दुखरे भाभी."

मग मी उठले आणि ठरवलं. ज्यासाठी ठरवलं ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, माझ्यामागं घाईनं आपलं घोडं दामटलं. माझाही खांदा हल्ली सकाळी कुरकुरतो, वन्सं. उद्या तो धरला, की मला काठीनं जमणार नाही, ते काल बघितलंच. आणि दाराबाहेर टॉवेल घेऊन उभं राहणारं आता कुणी नाही. मला माझ्या हातानंच घ्यावा लागणार. म्हणून माझ्या खांद्याइतकी. टॉवेल दुमडून टाकून बघितला, बादलीपासून वर राहतो. पाणी उडलं तर श्रीकांतला मी बघून घेईन.

ड्रिलचा आवाज सुरू झाला तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. परत आले तर दांडी लागली होती, सरळ, चकचकीत. सलीमनं लेव्हलची पट्टी लावून दाखवली, बुडबुडा बरोबर मधे. मी यादीतली ओळ खोडली. मग यादीचा कागदच काढून टाकला, त्यावर दुसरं काही नव्हतं. नवीन लिहायला घेतला. गाद्या. आणि तुमची काठी. काठी कुणा गरजूला द्यावी असं श्रीकांत म्हणतो, बरोबरच आहे त्याचं. त्यावर अजून रेघ मारलेली नाही.

आज सकाळी नवीन दांडी लागल्यावरची पहिली अंघोळ केली. दांडी अगदी हाताशी आहे. ताणावं लागत नाही, टाचा उचलाव्या लागत नाहीत. इतकं सोपं असतं हे, मला माहीतच नव्हतं.

बाहेर आले, चहा टाकला, श्रीकांतला उठवलं, भाजी चिरायला घेतली. पण काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. गॅस बघितला, मोटर बघितली. शेवटी बाथरूममध्ये जाऊन पाहिलं.

दांडी मोकळी होती. माझा टॉवेल दाराच्या कडीला लटकत होता.

मी तो काढला नाही, वन्सं. दारात तुमच्या खुर्चीपाशी उभी राहिले, तुम्ही ओरडाल म्हणून.